पुढच्या दोन तासांचा माणूस

अमेरिकेत अग्निशमन दलाबरोबर दिवसभर फिरायचं तर आधी सह्या कराव्या लागतात. मी मेलो, जायबंदी झालो किंवा बघितलेल्या गोष्टींनी माझी झोप उडाली, तरी मी अथवा माझे वारस दलावर दावा लावणार नाही, अशा अर्थाचा तो कागद होता. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे सहीचा कागद हातात आला की मी तो पहिल्या ओळीपासून वाचतो. टेबलापलीकडची कॅप्टन बाई बघतच राहिली. बाकीचे पाहुणे म्हणे सही ठोकतात आणि बंबाशेजारी फोटो काढायला पळतात. एका कलमात म्हटलं होतं, आज जे दिसेल, जे कानावर पडेल, त्यातून कुणाची ओळख बाहेर जाता कामा नये. ते कलम पाळूनच हे लिहितो आहे.

हा दिवस वॉशिंग्टनमधला. हे वॉशिंग्टन म्हणजे राजधानीचं नव्हे. ते देशाच्या दुसऱ्या टोकाला राहिलं, हे पॅसिफिककडचं राज्य. सिअ‍ॅटलच्या उत्तरेला लागून स्नोहोमिश नावाची काउंटी आहे. पूर्वेला बर्फाचे डोंगर, पश्चिमेला समुद्राची खाडी आणि एव्हरेट शहरात बोईंगचा तो कारखाना, ज्याची इमारत घनफळाने जगातली सर्वांत मोठी मानतात. लेक आणि जावई तिथल्याच एका उपनगरात राहतात. त्यांच्या शेजारचे गृहस्थ त्या कारखान्यात विमानं जोडता जोडता निवृत्त झाले आणि आता अग्निशमन दलाचे चॅप्लिन, म्हणजे धर्मोपदेशक, आहेत. सत्तरीला टेकलेले, उंच, गुडघ्यांनी बेजार. जवान त्यांना नुसतं 'चॅप' म्हणतात. दुपारपर्यंत मीही तेच म्हणू लागलो.

लष्करात, तुरुंगात, रुग्णालयात धर्मोपदेशक नेमलेला असतो हे इंग्रजी सिनेमे बघून माहीत होतं. आग विझवणाऱ्यांना तो कशाला लागतो, हे कळेना. केंद्राच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर एक फोटो लावला होता. धुळीने माखलेली पाच माणसं एका निष्प्राण माणसाला खुर्चीवरून उचलून नेताहेत. तो माणूस म्हणजे न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे चॅप्लिन, फ्रान्सिस्कन पंथाचे पाद्री मायकल जज. ११ सप्टेंबर २००१ ला ते जवानांच्या मागोमाग उत्तरेकडच्या मनोऱ्याच्या तळमजल्यावर गेले, आणि शेजारचा दक्षिण मनोरा कोसळला तेव्हा तिथेच मरण पावले. त्या दिवसाच्या मृतांच्या अधिकृत नोंदीत पहिला क्रमांक त्यांचा आहे. आमचे चॅप त्या फोटोखाली उभे राहून रात्रपाळीचे कॉफीचे मग विसळत होते.

माझा पहिला प्रश्न खात्याच्या सवयीचा. म्हटलं, "तुमच्या पदाचं लेखाशीर्ष कोणतं?" म्हणजे खर्च कुठून पडतो?

"पडतच नाही," ते म्हणाले.

त्यामागे पुण्यकर्माइतकाच कायदाही आहे. या राज्याच्या घटनेत लिहिलेलं आहे की सार्वजनिक पैसा धर्मोपासनेसाठी खर्च करता येणार नाही. सिअ‍ॅटलच्या दक्षिणेकडच्या पिअर्स काउंटीत शेरीफच्या खात्याला चॅप्लिन मदत करायचे, त्यावरून प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९९७ साली न्यायालयाने ती व्यवस्था वैध ठरवली. कारणांमधली मोठी दोन अशी की हे लोक स्वयंसेवक आहेत, आणि ते करतात ते काम मुख्यतः धर्माचं नसून संकटातल्या माणसाला सावरण्याचं आहे. चॅपना निकाल तोंडपाठ होता. बिनपगारी राहिलं म्हणून पद टिकलं, हा युक्तिवाद ऐकून माझ्यातला सरकारी माणूस जरा हेलावला. आमच्याकडे पद टिकवायला आधी वेतनश्रेणी मागतात.

अमेरिकेतले साधारण दोन तृतीयांश अग्निशामकही स्वयंसेवकच आहेत, हेही मला तिथेच कळलं. शहरात पगारी जवान. डोंगराकडच्या गावांत सुतार, शाळेची बस चालवणारा, लाकूड गिरणीतला फोरमन. कमरेचं यंत्र वाजलं की हातातलं टाकून बंबाकडे पळतात.

साडेआठच्या सुमारास केंद्रातला भोंगा वाजला. भोंगा कसला, तीन-चार सुरांची पिपाणीच, मागोमाग एका बाईचा अगदी शांत आवाज. वृद्ध पुरुष, श्वास नाही, पत्नी घरी एकटी. बंब आणि अँब्युलन्स मिनिटभरात गेले. चॅप निघाले नाहीत. मला चुळबुळ होऊ लागली, त्यांनी मात्र दुसरा मग विसळायला घेतला. वीसेक मिनिटांनी त्यांच्या रेडिओवर त्यांचं बोलावणं आलं. म्हणजे जवानांचे प्रयत्न संपले होते. चॅप आपल्या स्वतःच्या जुन्या गाडीने निघाले, मी शेजारी.

मला घरात जायची परवानगी नव्हती, आणि ते योग्यच होतं. गल्लीच्या टोकाला गाडी लावली होती, तिथून घराचं दार, गॅरेज आणि अंगणातला एक गुलाब दिसत होता. आत काय झालं ते चॅपनी नंतर मोघम सांगितलं. बाहेरून मी जे पाहिलं ते असं : बंब गेला. अँब्युलन्स गेली. त्यांना जावंच लागतं, कारण दुसरं कुणाचं तरी हृदय त्याच वेळी बंद पडत असतं. शेरीफचा एक तरुण डेप्युटी दारात उभा राहून फोनवर बोलत राहिला. मग तोही जाऊन आपल्या गाडीत बसला. आणि त्या घरात दिवाणखान्याच्या गालिच्यावर एक मयत, त्याची बायको आणि चॅप, असे तिघं उरले.

इथे मरणाच्या कामाचे टप्पे आहेत. घरी मृत्यू झाला की काउंटीच्या मेडिकल एक्झामिनरच्या कचेरीला कळवायचं. संशयास्पद काही नसेल आणि माणसाचा नेहमीचा डॉक्टर मृत्यूच्या दाखल्यावर सही करायला तयार असेल, तर ते फोनवरच मोकळीक देतात, प्रेत हलवत नाहीत. मग कुटुंबाने फ्यूनरल होम निवडायचं, त्यांना फोन करायचा, आणि त्यांची गाडी येईपर्यंत थांबायचं. तासभर लागेल, कधी तीन तास लागतील. अँब्युलन्सचं काम संपलं आहे, फ्यूनरल होमचं सुरू व्हायचं आहे, आणि मधल्या वेळेचा कुणी धनी नाही. चॅप नेमके त्या वेळेपुरते असतात.

आपल्याकडे एवढ्या वेळात घर भरतं. हाक मारावी लागत नाही. कुणी सतरंजी अंथरतो, कुणी बर्फाची लादी आणायला पळतो, कुणी नुसता जिन्यात उभा राहून सगळ्यांना 'कधी, कसं' ते सांगत असतो. त्या गल्लीत तासाभरात एक टपालाची गाडी आली आणि गेली. समोरच्या घराचा पडदा एकदा हलला. मला वाटलं, आता कुणी येईल. पडदा पुन्हा सरळ झाला.

आणि मग मी एक दृश्य पाहिलं. दार उघडलं, चॅप बाहेर आले, आणि त्यांच्या हातात कुत्र्याची दोरी होती. छोटंसं पांढरं कुत्रं. पाठीवर पिवळ्या अक्षरांत 'चॅप्लिन' लिहिलेला तो उंच माणूस कुत्र्याला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत आला, मी बसलो होतो त्या गाडीजवळून गेला, ओळख दाखवून हात केला, खांबापाशी थांबला, खिशातून पिशवी काढून वाकला (गुडघे धरून), आणि परत गेला. जाता जाता रस्त्याच्या कडेचा कचऱ्याचा डबा ओढत घरात नेला. धर्मगुरूचं म्हणून काही रूप माझ्या मनात होतं, ते या खेपेत पार निकालात निघालं.

आत त्यांनी काय केलं? जवानांनी छातीवर दाब देताना फेकलेली प्लॅस्टिकची वेष्टनं, हातमोजे, कापसाचे बोळे गोळा केले. सरकवलेलं टेबल जागेवर लावलं. मृताच्या तोंडात श्वासाची नळी तशीच होती. मेडिकल एक्झामिनर मोकळीक देईपर्यंत ती काढता येत नाही, हे त्या बाईला सांगितलं. "नाहीतर तिला वाटतं, यांनी त्याला असाच टाकून दिला." औषधांच्या बाटल्या एका जागी आणून ठेवल्या, कारण कचेरीतून पहिला प्रश्न औषधांचाच येतो. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं : कुणाला फोन झाला, कुणाला करायचाय, गाडी किती वाजता येईल, ते दोघे येतील, ते काय करतील, त्या वेळी तुम्हाला खोलीत थांबायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

"प्रार्थना?" मी विचारलं.

"विचारलं मी. नको म्हणाली. त्याला आवडलं नसतं म्हणे." त्यात त्यांना काही विशेष वाटलं नाही. हा वायव्येचा कोपरा अमेरिकेतल्या सर्वांत कमी चर्चला जाणाऱ्या भागांपैकी आहे, आणि चॅप स्वतः रविवारी न चुकता जाणारे आहेत. "लोकांना वाटतं मी देव घेऊन येतो," ते म्हणाले. "मी वेळापत्रक घेऊन जातो."

हे ऐकून मला आमचं खातं आठवलं. पूर आला, वीज पडली, दरड कोसळली की मयताच्या घरी सरकारतर्फे आम्ही जातो. पोलीस पंचनाम्याला येतात, तलाठी अहवालाला, लोकप्रतिनिधी भेटीला, आणि भेटीबरोबर फोटोग्राफर. प्रत्येकाला काहीतरी न्यायचं असतं. आपत्तीत गेलेल्या माणसामागे चार लाखांचं सानुग्रह अनुदान मिळतं, ते वेळेत मिळावं म्हणून चांगला कर्मचारी जिवाचं रान करतो, हे मी पाहिलेलं आहे. पण त्या घरातली बाई विचारत असते, आता पुढे काय? आणि फॉर्म विचारत असतो, पासबुकाची झेरॉक्स आहे का? तिच्या प्रश्नाचं उत्तर भावकी देते, पोलीस पाटील देतो, गावातली चार अनुभवी माणसं देतात. म्हणून खात्याला ते कधी शिकावं लागलं नाही. पुण्या-ठाण्याच्या बाराव्या मजल्यावर भावकी नसते, तिथे हे काम सोसायटीचा वॉचमन करतो असं माझं निरीक्षण आहे. अँब्युलन्सचा नंबर, स्मशानभूमीचा पास, लिफ्टमधून कसं न्यायचं, सगळं त्यालाच ठाऊक असतं.

दुपारी केंद्रावर परतलो. जेवणाचं लांब टेबल, प्रत्येक पाळीत एकाचा स्वयंपाक, आणि जेवताना एकमेकांची जी टिंगल चालते ती इथे लिहिण्यासारखी नाही. चॅप तिथे कमी बोलतात. जेवण झाल्यावर दोघं जवान बंब धुवायला निघाले तेव्हा चॅपनी बादली उचलली आणि त्यांच्याबरोबर गेले. अर्धा तास ते चाकं घासत होते. मी लांबून बघत होतो. बोलणं फुटबॉलचं, मग कुणाच्या तरी छपराच्या गळतीचं. मग तो धाकटा जवान हातातला ब्रश तसाच धरून काही वेळ बोलला, चॅप चाक घासत राहिले, वर बघितलं नाही.

जून महिना होता. डोंगरातला बर्फ वितळून नद्या भरून वाहतात, ऊन कडक असतं, पोरं पाण्यात उतरतात, आणि पाणी इतकं थंड असतं की पट्टीच्या पोहणाऱ्याचाही श्वास अडकतो. आदल्या आठवड्यात असंच एक लेकरू गेलं होतं. यापेक्षा जास्त मला सांगितलं गेलं नाही.

त्यांच्या कामाचा निम्म्याहून मोठा भाग हा आहे, असं चॅप म्हणाले : रडणाऱ्या घरांपेक्षा न रडणारे जवान. रुडरमन फाउंडेशनच्या २०१८ च्या अहवालात म्हटलं होतं की २०१७ साली अमेरिकेत कर्तव्यावर ९३ अग्निशामक गेले आणि आत्महत्येने १०३. पोलिसांतही तसंच, १२९ आणि १४०. आगीपेक्षा आगीनंतरचं घर जास्त माणसं नेतं, असा त्याचा अर्थ. ऐंशीच्या दशकात मेरीलँडच्या जेफ्री मिचेल या माजी अग्निशामकाने एक पद्धत बसवली होती : वाईट प्रसंगानंतर सगळ्यांना गोल बसवायचं आणि प्रत्येकाने काय पाहिलं, काय वाटलं ते बोलायचं. देशभर ती पसरली. पुढे अभ्यासांतून दिसलं की अशी एकच बैठक घेऊन मनावरचा घाव टळत नाही, काहींचा उलट चिघळतो. चॅपनी तशा पुष्कळ बैठका घेतल्या आहेत, आणि त्यांचं आताचं मत एका वाक्याचं आहे : "गोल बसवलं की ते मला पाहिजे ते बोलतात. चाक धुताना त्यांना पाहिजे ते बोलतात." मला हे पटलं. तलाठ्यांच्या मासिक बैठकीत जे कधी कळलं नाही ते चावडीबाहेरच्या टपरीवर कळायचं.

तीनच्या सुमारास डोंगराकडच्या एका लहान केंद्रावर त्यांचा नेहमीचा फेरा होता. राज्य मार्ग ५३०, आर्लिंग्टनहून डॅरिंग्टनकडे. स्टिलाग्वामिश नदीच्या उत्तर फाट्याच्या काठाने रस्ता जातो. दोन्हीकडे सुरू-देवदारासारखी काळीभोर झाडी, वर पांढरं शिखर. आणि मधेच झाडी नाही. डाव्या हाताचा डोंगर मोठ्या थोरल्या घासासारखा खाल्लेला, त्याच्यावर नुकती उगवलेली हिरवळ. ते ओसो.

२२ मार्च २०१४, शनिवार, सकाळचे दहा वाजून सदतीस मिनिटं. पावसाने भिजलेला तो उतार सुटला, नदी ओलांडून पलीकडच्या वस्तीवर आला आणि रस्त्यावरून पसरला. ४३ माणसं गेली. सुट्टीची सकाळ, म्हणून बहुतेक लोक घरात. डॅरिंग्टनचा हा नेहमीचा रस्ताच गाडला गेला. तिथले लाकूडतोडे आपापली यंत्रं घेऊन चिखलात उतरले. अधिकाऱ्यांनी आधी त्यांना थोपवलं, मग त्यांच्याशिवाय चालत नाही हे कळल्यावर कामावर घेतलं. शेवटची व्यक्ती सापडली ती जुलैच्या २२ तारखेला, बरोबर चार महिन्यांनी. रस्त्याच्या कडेला आता स्मारक आहे. ४३ झाडं आहेत, आणि वस्तीच्या टपालपेट्यांची ओळ काशात ओतून उभी केली आहे. पूर्ण स्मारक दहाव्या वर्षी, २०२४ मध्ये, खुलं झालं.

चॅप तेव्हा चिखलाच्या कडेला होते. काम? कोरडे मोजे वाटायचं. खरंच. चिखलात उतरलेल्याला दर दोन तासांनी बाहेर यावं लागे, बाहेर आल्यावर पहिला माणूस मोज्यांचा जोड घेऊन उभा. मोजे बदलायला माणूस बसतो, आणि बसलेला माणूस बोलतो किंवा बोलत नाही. काही सापडलं की यंत्रं थांबत, टोप्या निघत. त्या वेळी चॅप आत जात. शोधणाऱ्यांत काहींचे स्वतःचेच नातलग खाली होते.

मी त्यांना माळीण सांगितलं. त्याच वर्षी, ३० जुलैला, पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगरांत, महादेव कोळ्यांचं गाव दरडीखाली गेलं. दीडशेच्या वर माणसं. बाहेरच्या जगाला ते कळलं एका एसटी ड्रायव्हरमुळे : सकाळी गाडी घेऊन आला तर समोर गाव नव्हतं. चॅप गाडी चालवता चालवता एकदम म्हणाले, "त्या ड्रायव्हरकडे कोण गेलं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. गावातल्या वाचलेल्यांबद्दल, पुनर्वसनाबद्दल, नव्या घरांबद्दल मी त्यांना बरंच सांगू शकलो असतो. त्यांनी विचारलं ते ड्रायव्हरचं.

परतीच्या वाटेवर प्रश्न विचारायची पाळी त्यांची होती. या काउंटीत आता भारतीय घरं पुष्कळ, त्यांना तिथे जावं लागतं, आणि त्यांच्याकडे एक वही होती. जोडे दारात काढायचे हे त्यांना ठाऊक होतं. पण जवानांचे बूट काढता येत नाहीत, त्याचं काय? म्हटलं, त्या वेळी कुणी बघत नाही. मृताच्या तोंडात पाणी घालायचं असतं का? असतं, गंगेचं, तुळशीचं पान. पण नळी काढल्याशिवाय ते होणार नाही, हे त्यांच्या आधी माझ्याच लक्षात आलं, आणि मी ते सांगितलं. "म्हणजे नळी काढली की लगेच त्यांना आत बोलावू?" होय. त्यांनी लिहून घेतलं. प्रेत जमिनीवर ठेवायचं म्हणतात, डोकं कुठल्या दिशेला? दक्षिणेला. तेही लिहिलं. मग मी म्हटलं, बातमी मात्र आधी बाईला सांगू नका, घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाला, दिराला, मेव्हण्याला सांगा, ते तिला सावकाश सांगतील.

चॅपनी पेन मिटलं. "ते जमणार नाही," म्हणाले. नियमाने पहिला हक्क पत्नीचा. दिराला आधी सांगून तिला मागच्या खोलीत बसवून ठेवलं तर उद्या ती विचारेल, माझा नवरा मेलेला होता आणि तो अर्धा तास तुम्ही सगळे मला चहा देत होता?

वाद घालायला माझ्याकडे काही नव्हतं, कारण तो चहा मी अनेक घरांत पाहिला आहे.

सातनंतर तोच प्रसंग आला. उन्ह अजून स्वच्छ होतं. जूनमध्ये इथे नऊपर्यंत दिवस मावळत नाही. दुसऱ्या राज्यात रस्त्यावर एक तरुण मुलगा गेला होता, आईवडील या काउंटीत. तिथल्या कचेरीने इथल्या शेरीफला कळवलं, शेरीफच्या माणसाने चॅपना. मला त्यांनी हमरस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर उतरवलं. तिथवरच्या पंधरा मिनिटांत त्यांनी मला त्या कामाची रीत सांगितली, बहुतेक स्वतःशीच उजळणी म्हणून.

फोनवर कधीच नाही. प्रत्यक्ष, आणि दोघांनी. एक सांगणारा, दुसरा बघणारा, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणाचं हृदय बंद पडेल ते सांगता येत नाही. दारावर आधी नाव विचारून खात्री करायची. चुकीच्या घरात हे वाक्य बोललं गेलं तर ते परत घेता येत नाही. आत जायचं, बसायचं, आणि पहिल्या मिनिटात सांगायचं. 'मेला' असंच म्हणायचं. गमावला, सोडून गेला, वाचू शकला नाही, यातलं काही नाही, कारण अशा वेळी कान फट शोधतो. देवाची इच्छा होती असं म्हणायचं नाही; चॅप्लिनने तर नाहीच. मग गप्प बसायचं, आणि हे सर्वांत कठीण. निघताना कागदावर फोन नंबर, कचेरीचं नाव, उद्या कोण फोन करेल ते लिहून द्यायचं, कारण बोललेलं त्यांना आठवणार नाही. आणि घरात दुसरं कुणी आल्याशिवाय निघायचं नाही.

पंपावरच्या दुकानात कडू कॉफी घेऊन मी दीड तास बसलो. आमची रीत डोळ्यांपुढे होती. रात्री फोन येतो : वडील सिरियस आहेत, निघून ये. फोन करणाऱ्याला सगळं माहीत असतं, बहुतेकदा ऐकणाऱ्यालाही. तरी तो माणूस रातराणीने बसतो, आणि त्या आठ-दहा तासांत वडील त्याच्यापुरते जिवंत असतात. मी याला खोटी दया म्हणत नाही. तो प्रवास एकट्याने करायचा असतो, शेजारच्या सीटवर परका माणूस झोपलेला असतो, आणि खरं कळलं असतं तर तो कदाचित चुकीच्या स्टँडवर उतरला असता. आमची थाप घरी माणसं वाट पाहत आहेत या भरवशावर उभी आहे. चॅपचं सरळ वाक्य उभं आहे ते, सांगणारा आता इथून हलणार नाही, या भरवशावर. भरवशाची जागा बदलली की तीच रीत क्रूर होते, हे मला त्या कॉफीबरोबर कळत गेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर 'सिरियस आहे'च्या आधी श्रद्धांजलीचा फोटो पोचतो, त्या घरांत तर आता दोन्हींपैकी काहीच उरलेलं नाही.

चॅप परत आले तेव्हा काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. त्यांनी एक सँडविच घेतलं, अर्धं मला दिलं. गाडीत बसल्यावर त्यांनी समोरच्या खणातून एक दुसरी वही काढली, मैलमापकावरचा आकडा बघून लिहिला, सकाळच्या आकड्यातून वजा केला. मी अर्थातच वाकून पाहिलं. आयुष्यभर लॉगबुकं तपासलेल्या माणसाला राहवत नाही.

सेवाकार्यासाठी स्वतःची गाडी वापरली तर आयकरात मैलामागे वजावट मिळते, त्याचा तो हिशोब होता. दर : १४ सेंट. धंद्यासाठी गाडी वापरणाऱ्याचा दर जवळजवळ दरवर्षी बदलतो. सेवेचा कायद्यातच लिहून ठेवलेला आहे, १९९८ पासून तोच. "तेव्हापासून पेट्रोल कुठल्या कुठे गेलं!" चॅप म्हणाले, आणि पेन वहीवर आपटलं. सकाळपासून त्यांनी केलेली ही पहिली तक्रार.

मग त्यांना काहीतरी आठवलं. इर्शाळवाडीबद्दल मी दुपारी बोललो होतो : २०२३ च्या जुलैत रात्री दरड आली, आणि खोपोली-लोणावळ्याकडचे गिर्यारोहक स्वतःच्या दोऱ्या, स्वतःच्या बॅटऱ्या घेऊन पावसात वर चढले. "त्या पोरांना," त्यांनी विचारलं, "तुमचं सरकार मैलामागे काय देतं?"

"चहा," मी म्हटलं. "रात्र झाली असेल तर वडापाव."

चॅपनी जरा विचार केला. "१४ सेंटांपेक्षा बरं आहे," म्हणाले, आणि गाडी सुरू केली.